उघडलंस ना? मग मिटव!

कॉम्प्युटरवाल्या माणसाची गोष्ट सांगतो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभा राहिला ते मला माहितीये. जाड भिंगाचा चष्मा, विस्कटलेले केस, बिस्कीट चहात बुडवून चहातच विसरणारा कुणीतरी. तर तो आधी खोडा. वालावलकरांचा भांग पट्टी लावून पाडल्यासारखा सरळ होता, आणि त्यांचं बिस्कीट जन्मात कधी चहात पडलं नाही. ते बिस्कीट खातच नसत. कारण पुडा एकदा फोडला की परत नीट मिटत नाही.

हसू नका. हे कारण त्यांनी मला स्वतः सांगितलंय.

उघडी राहिलेली वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. तुमच्या पेनाचं टोपण, तुमचा ड्रॉवर, तुमची छत्री, तुमच्या शर्टाचं वरचं बटण. येता जाता ते मिटवत जायचे आणि वर विचारायचे, "उघडलंस ना? मग मिटव!" एकदा अंधेरी स्टेशनबाहेर बसच्या रांगेत त्यांनी पुढच्या माणसाच्या बॅगेची चेन मागून ओढून लावली. तो माणूस "पाकीटमार, पाकीटमार" करून नाचायला लागला. चार लोक धावले. वालावलकर एकदम शांत. "उघडी होती. मिटवली." मी शेजारी उभा होतो, पण तेवढ्यापुरता मी त्यांना ओळखत नव्हतो.

आमचं ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. काम काय, तर औषधांच्या बाटल्या भरून त्यांना झाकणं लावणारी मशिनं बनवायची. म्हणजे बघा, नोकरीच माणसाला शोधत आली होती. वालावलकर आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे हेड. वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशीचे, राहायला मुलुंडला. मी बार्शीहून डिप्लोमा करून आलेला, भांडुपला मामाकडे राहणारा ट्रेनी. मला सगळं ऑफिस बार्शी म्हणायचं. फक्त वालावलकर 'बार्शीकर' म्हणायचे. उगाच गावाचं नाव अर्धं उघडं कशाला ठेवायचं!

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. शेठनी हौसेनं एक पीसी घेतला, त्याच्यासोबत आराखडे काढायचा एक प्रोग्राम, आणि कागदावर पेनानं रेघा ओढणारा प्लॉटर. त्या पीसीला एसी खोली मिळाली. आम्ही बाहेर घामानं चिकटलेले, तो आत गारेगार. खोलीत जायचं तर चपला बाहेर, हात पुसून, आणि आत गेल्यावर दार लगेच ओढून घ्यायचं. ड्रॉइंग ऑफिसातले बाकीचे त्या खोलीकडे बघून लांबूनच नमस्कार करायचे. वालावलकर मात्र झेरॉक्स काढलेलं मॅन्युअल घेऊन आत बसले आणि उठलेच नाहीत. कारण त्या आराखड्यांच्या प्रोग्रामच्या पोटात त्यांना लिस्प सापडली.

लिस्प म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. तिची गंमत अशी की तिच्यात प्रत्येक वाक्य कंसात लिहायचं. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. शेवटाला नुसती मिटणाऱ्या कंसांची रांग लागते. एक जरी मिटवायचा राहिला तरी मशिन काही काढत नाही, आणि कुठला राहिला तेही सांगत नाही. पडद्यावर नुसता आकडा दाखवून गप्प बसतं. म्हणजे एवढे उघडे आहेत, बघा तुमचं तुम्ही.

जगात अशी एक भाषा आहे, हे कळल्यावर त्या माणसाला काय झालं असेल विचार करा. आणि हो, कंस म्हटल्यावर तुम्हाला आत्ता जे टोपणनाव सुचलं ना, ते आम्हालाही पहिल्या आठवड्यातच सुचलं होतं. पण टिकलं नाही. आख्ख्या माणसात कंसासारखं वाईट काही सापडेना.

भाषा झकास, पण लिहायची कशात, ही मोठी बोंब. पीसीची मेमरी एवढीशी. आराखड्यांचा प्रोग्राम चालू केला की तो सगळी जागा अडवून बसायचा, बाजूला एडिटरला, म्हणजे लिहायच्या प्रोग्रामला, मांडी घालायलाही जागा नाही. म्हणजे आधी एडिटर चालू करा, लिहा, सेव्ह करा, बाहेर या. मग तो अजस्र प्रोग्राम चालू करा. तो उठेपर्यंत गणपतचा चहा येऊन गार व्हायचा. मग आपली फाइल चढवा. मग पडद्यावर आकडा. एक. एक कंस राहिला. परत सगळं बंद, परत एडिटर, परत पहिल्यापासून. एका कंसापायी अर्धी सकाळ जायची. मी तर दुसऱ्याच दिवशी म्हटलं, "सर, वाट लागली. यापेक्षा हातानं काढलेलं बरं."

"कामाला वाट पाहिजे, बार्शीकर. वाट आपण करायची."

आणि केली त्यांनी. आधी एक छोटी बॅच फाइल लिहिली. नुसतं एक अक्षर दाबून एंटर मारायचं. एडिटर उघडणार, त्यात आपण शेवटची लिहीत होतो तीच फाइल येणार. एडिटरमधून बाहेर पडलात की तो मोठा प्रोग्राम आपोआप चालू, फाइल आपोआप चढणार. तो मिटवला की परत एडिटर. गोल गोल, रहाटासारखं. मग त्यांनी कीबोर्डवरच्या एका कीला असं शिकवलं की उघडणारा कंस दाबला की मिटणारा बरोबरच यायचा आणि कर्सर मागे येऊन दोघांच्या मध्ये उभा राहायचा. "उघडतानाच मिटवून ठेवायचं. मग आत सावकाश बसून लिहावं," ते म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा श्रीखंड खाल्ल्यासारखा झाला होता. कुठल्या कीला काय शिकवलंय ते त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्टीवर ड्रॉइंगच्या अक्षरांत लिहून कीबोर्डच्या वर चिकटवलं.

एवढं करूनही भरवसा नाही. मग आमची आरती सुरू व्हायची. मॉनिटरच्या काचेवर ते आपली ड्रॉइंगची पट्टी उभी धरायचे. उघडलेल्या कंसाच्या बरोबर खाली मिटलेला कंस आला पाहिजे. ते वाचायचे, मी जाब द्यायचा.

"उघड."

"उघडला."

"आत रेघ."

"आत रेघ."

"मिट."

"मिटला, सर."

"कुठला मिटला?"

"आत्ताचा."

"आत्ताचा म्हणजे? कुणी उघडलेला? प्रत्येक कंस कुणीतरी कशासाठी तरी उघडलेला असतो. तो कुणाचा ते बघायचं, मग मिटवायचा. नुसतं दिसलं की लाव झाकण, असं नाही."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती.

पण मी ऐकत होतो त्यांचा आवाज. नकला हा माझा जुना आजार. बार्शीच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात शिपायाला "घंटा दे" म्हणून सुट्टी करवली होती. अंधेरीत आल्यावर कंडक्टर, शेठ, आमचा प्रिंटर, सगळे माझ्या गळ्यात बसले. पण वालावलकर म्हणजे मेजवानी! त्यांचं ते "मिटव" म्हणताना हनुवटी खाली आणणं. त्यांचे ते आकडे. मला गोष्टी सांगायची सवय आणि माझी गोष्ट सरळ कधी जात नाही. "सर, आमच्या बार्शीला एक मास्तर होते, म्हणजे तसे ते पंढरपूरकडचे, तिथे त्यांच्या भावाचं सायकलचं दुकान, त्या दुकानात एक माकड..."

वालावलकर मान वर न करता म्हणायचे, "तीन."

म्हणजे माझे तीन कंस उघडे आहेत. आधी माकड मिटव, मग भाऊ, मग मास्तर.

आणि सगळ्यात हिट आयटम म्हणजे फोन. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वालावलकर रिसेप्शनला येऊन घरी फोन लावायचे. घरी म्हणजे शेजाऱ्यांकडे, मग शेजारीण वालावलकरकाकूंना बोलवून आणायची. काकू आल्या की हे आवाज एकदम खाली आणून विचारायचे, "जेवलीस? काही बंद नाही ना राहिलं?"

रोज हेच. काही बंद नाही ना राहिलं?

आता सांगा, हसू येणार नाही का? इथे आख्ख्या अंधेरीची झाकणं लावत फिरणारा माणूस, आणि घरी बायकोला विचारतो काय, तर काही बंद नाही ना राहिलं! मी कारण शोधत बसलो नाही. मी त्याचा शेवट केला. माझ्या नकलेचा शेवट. आधी ऑफिसातलं मिटव, मिटव, मिटव, मग हातातल्या डस्टरचा रिसीव्हर करून घाबऱ्या आवाजात "काही बंद नाही ना राहिलं गं?" लोक टेबलं बडवायचे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मला एक गोष्ट लक्षात आली. काम संपल्यावर सगळे निघाले तरी वालावलकर थोडा वेळ मागे थांबायचे. मी एकदा डबा विसरलो म्हणून परत आलो, तर प्लॉटर चालू. पेन कागदावर सरसर पळत होतं, आणि कागदावर बाटलीही नव्हती, झाकणही नव्हतं. ठिपके होते. ठिपक्यांमधून एक वेल निघत होती, त्या वेलीला छोटी वेल, तिला अजून छोटी.

"रांगोळी?" मी म्हटलं.

वालावलकर असे दचकले, जणू मी त्यांना शेठच्या तिजोरीत हात घालताना पकडलं.

"कागद माझा आहे. घरून आणलाय," ते म्हणाले.

"अहो, पण आहे काय हे?"

"घरची आहे. दारातली. ती काढायची रोज. हल्ली काढत नाही. दिवाळीला काढून दारात लावीन म्हणतो. तिला माहीत नाही."

"झकास! मग अडलंय कुठे?"

त्यांनी पाठीमागचा ड्रॉवर उघडला. आत रांगोळ्यांचे कागद. पुष्कळ. सगळे थोडे थोडे वेगळे.

"आठवत नाही," ते म्हणाले. "रोज सकाळी ओलांडून यायचो. ट्रेन चुकेल म्हणून घाईत. पाय पडू नये एवढंच बघायचो. ती कशी होती ते बघितलंच नाही कधी." मग ड्रॉवर मिटवला. "लाज वाटते रे."

तेव्हा मला कळलं की तो सगळा रहाट, ती एका अक्षराची बॅच फाइल, हे सगळं बाटल्यांसाठी नव्हतंच. लिहा, बघा, चुकलं, परत लिहा. एका संध्याकाळी जितक्या वेळा आठवून बघता येईल तितकं त्यांना हवं होतं.

मी वचन दिलं की कुणाला सांगणार नाही. आणि नाही सांगितलं! पण शेठला कागद सापडला. शेठ खूश. "वालावलकर, आ तो फर्स्टक्लास छे! दसऱ्याला मशिनची पूजा, सगळ्यांची फॅमिली येणार, सगळ्यांसमोर चालवायचा!" वालावलकरांना नाही म्हणता येईना. दिवाळीचा बेत दसऱ्यावर आला. पुढचे सगळे दिवस ते एकच म्हणत होते, "बरोबर यायला पाहिजे, बार्शीकर. ती बघणार आहे. बरोबर यायलाच पाहिजे."

दसऱ्याला आमच्या पीसीला झेंडूचा हार. शेठनी हळदकुंकू वाहायला चिमूट उचलली, तर वालावलकरांनी झटकन कीबोर्डवर रुमाल पसरला. खोलीबाहेर खुर्च्या मांडलेल्या, बायका-मुलं, पेढे. वालावलकरकाकू पहिल्या रांगेत. बारीक, गोऱ्या, उजव्या खांद्यावरून पदर घेतलेला, हात त्याच्या आत. चेहरा असा की कधीही हसतील.

प्लॉटर गरम व्हायला वेळ होता. कुणीतरी ओरडलं, "बार्शी, तोवर वालावलकर होऊन जाऊ दे!" आणि मला काय, मी तयारच. माझा अनुभव असा की नवऱ्याच्या नकलेला सगळ्यात जास्त बायकोच हसते. बसच्या रांगेतली चेन केली. काकू हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तीन" केलं, त्या पुढे वाकून हसल्या. मला चेव आला. मी डस्टर कानाला लावला, आवाज कापरा केला आणि म्हटलं, "जेवलीस गं? काही बंद नाही ना राहिलं?"

सगळे फुटले. काकू नाही.

त्यांनी मान खाली घातली आणि पदर आणखी पुढे ओढून घेतला. वालावलकर उठले, कोपऱ्यातली एक खिडकी होती ती लावून आले. ती आधीच लावलेली होती. त्यांनी ती परत लावली.

काय बिघडलं ते मला कळलं नाही, पण बिघडलं एवढं कळलं. कानापासून मानेपर्यंत तापलो मी. टाळ्या चालू होत्या आणि मला त्या नको होत्या. डस्टर कुठे ठेवावा ते सुचेना.

मग वालावलकरांनी अक्षर दाबलं, एंटर मारलं. पेन उठलं. ठिपके, वेल, वेलीची वेल. माणसं वाहवा करत उठून उभी राहिली. शेठनी तर प्लॉटरलाच पेढा दाखवला. वालावलकर कुणाकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष एकाच खुर्चीकडे.

काकू कागदाजवळ आल्या. खूप वेळ बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "माझी आहे ही."

"हो," वालावलकर म्हणाले.

"वेल चुकलीय हो. कोपऱ्यात ती अशी नाही वळत."

"मग कशी?"

"तुम्हीच आठवा," काकू म्हणाल्या, आणि तेवढं बोलून हसल्या.

दोन-तीन दिवसांनी वालावलकर माझ्या टेबलाशी आले. मी डोळे वर केले नाहीत. नकलेबद्दल त्यांनी अजून एक अक्षर काढलं नव्हतं, आणि ते न काढणंच मला खात होतं. ते म्हणाले, "तुला मुलुंडच्या पार्टीकडे ड्रॉइंग द्यायला जायचंय ना? वाटेत घरी जा. वेल कशी वळते विचारून ये. मला सांगत नाही ती. तुला सांगेल."

"मला? मला कशाला सांगतील त्या?"

"तू आवडलास तिला," ते म्हणाले आणि माझ्या पेनाला टोपण लावून गेले.

मुलुंडला पहिल्या मजल्यावर घर. दार नुसतं लोटलेलं. मी कडी वाजवली तर आतून आवाज, "ढकल रे, उघडंच आहे!"

काकूंनी मला ओट्याशेजारीच पाटावर बसवलं आणि चहा ठेवला. तेव्हा दिसलं. सगळं डाव्या हातानं. उजवा हात पदराखाली तसाच लोंबत होता.

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. "एका सकाळी उठले तर गेला होता. तोंड असं नको करूस, चहा फक्कड येतो मला अजून."

मी सॉरी म्हणायचं ठरवून आलो होतो. चार प्रकारे पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "त्या दिवशी, काकू, ते फोनचं..."

"चांगलं करतोस. पण तू किती मोठ्यानं करतोस! ते इतक्या मोठ्यानं नाही बोलत. त्यांना वाटतं शेजारीण ऐकेल."

मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं फरशीवर वेल काढून दाखवली. कोपऱ्यात आली की ती डावीकडे जाते, स्वतःभोवती एक फेरा घेते, मग पुढे. मी ग्राफच्या कागदावर उतरवली. दोनदा चुकलो, दोनदा त्यांनी "ढ आहेस" म्हटलं. मला बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारणीची हाक आली. "वालावलकरबाई, फोन!"

"बघ, आला," काकू म्हणाल्या आणि पदर सावरत गेल्या.

मी एकटा स्वयंपाकघरात. बसल्या बसल्या नजर फिरली. चहाचा डबा उघडा. म्हणजे झाकण होतं, पण नुसतं वर तिरकं ठेवलेलं. साखरेचा तसाच. डाळीचा, तांदळाचा, मिठाची बरणी, लोणच्याची, खिडकीत औषधाची बाटली, सगळ्यांची झाकणं अशी अधांतरी. वालावलकरांचं घर, आणि एकही झाकण लावलेलं नाही! म्हटलं, बिचारी एका हातानं कशी लावणार? मुंग्या लागतील, सर बघतील तर जीव जाईल त्यांचा. आणि मी उठलो. सगळी झाकणं लावली. नुसती लावली नाही, आवळली. आमच्या बार्शीत पोरं कुस्तीतली असतात. औषधाच्या बाटलीला तर मी खास पीळ दिला. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज ऐकू येत होता, "हो, जेवले. नाही हो. नाही, काही बंद नाही राहिलं."

काकू आल्या, मी पाया पडलो आणि निघालो. जिन्यावरून उतरताना मी शीळ घालत होतो. वाटत होतं, फेडलं थोडं.

दुसऱ्या दिवशी मी ग्राफचा कागद घेऊन एसी खोलीत बसलो होतो. दार उघडलं. वालावलकर चपला घालून आत आले. चपला घालून! आणि दार त्यांच्यामागे उघडंच राहिलं.

"मेल्या," ते म्हणाले, "तुका कोणी सांगितल्यान होता बंद करूक?"

त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या गळ्यात अख्खी अंधेरी बसायची, पण हा आवाज त्यात नव्हता.

"सर, मला वाटलं, मुंग्या..."

"मुंग्या! डबा मांडीत धरून दातानं उघडायला गेली ती. दातानं! घरभर साखर. औषध घेतलं नाही. शेजारणीला हाक मारली नाही. मारत नाहीच ती, मेली तरी मारायची नाही. मी संध्याकाळी घरी गेलो तर म्हणते, तुम्हीच विसरलात सकाळी. आणि मला खरं वाटलं! मी माफी मागितली तिची! मग ती बाटली हातात घेतली. तो पीळ माझा नव्हता. तुझं नाव विचारलं तर म्हणते, पोराला ओरडू नका."

"सर, चुकलं..."

"गप! रोज सकाळी निघायच्या आधी एकेक झाकण मी ढिलं करून ठेवतो. एकेक. आणि इथे येऊन दिवसभर डोक्यात तेच, चहाचं केलं का, मिठाचं केलं का. तू नकला करतोस ना माझ्या? चांगल्या करतोस, सगळे सांगतात. एवढं बघितलंस मला, आणि एवढंच दिसलं? शिकवलं होतं की नाही, कुणी उघडलंय ते बघायचं, मग हात लावायचा? की ते फक्त पडद्यावरचं होतं?"

दाराबाहेर रिसेप्शनवरची रोझी आणि चहावाला गणपत उभे होते. एसीची थंडी सगळी बाहेर चालली होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मी काचेकडे बघत होतो. काचेत मीच दिसत होतो.

वालावलकर खुर्चीत बसले. श्वास घेतला. ड्रॉइंगची पट्टी उचलली आणि काचेवर उभी धरली.

"कुठे वळते?"

"डावीकडे," मी म्हटलं. "मग सर, स्वतःभोवती एक फेरा, काकू म्हणाल्या की तो फेरा त्यांच्या आईचा, म्हणजे त्यांच्या माहेरी दारात जी..."

"दोन!" ते ओरडले. "तोंड मिटव. आणि कंस उघड."